उड्डाणांचे वेळापत्रक : मोकळ्या मिनिटांचे मोल

विमानाच्या तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, सुटण्याची आणि पोहोचण्याची. प्रवाशाच्या लेखी वेळापत्रक म्हणजे एवढेच. प्रत्यक्षात या दोन आकड्यांमागे विमान कंपनीच्या नियोजन विभागाचे अनेक महिन्यांचे काम असते. धावपट्टीवर मिळणारी वेळ, विमानांची उपलब्धता, देखभालीची मुदत, वैमानिकांच्या विश्रांतीचे तास, हवामान आणि अन्य देशांशी झालेले करार अशा वेगवेगळ्या अटी एकाच तक्त्यात बसवाव्या लागतात. त्यातील एका अटीचा हिशेब चुकला तर काय घडते, याचा अनुभव देशाने डिसेंबर २०२५ मध्ये घेतला. ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, म्हणजे इंडिगोची, २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी ठिकठिकाणच्या विमानतळांवर अडकून पडले.

त्या दिवसांत देशावर चक्रीवादळ आले नव्हते की वैमानिकांनी संप पुकारला नव्हता. कागदावर चोख दिसणारे वेळापत्रक प्रत्यक्षात पेलवले नाही. विमाने आणि माणसे यांचा शेवटच्या मिनिटापर्यंत वापर करायचा की काही वेळ मोकळा ठेवायचा, हा विमान वाहतुकीतील जुनाच पेच त्या निमित्ताने सर्वसामान्य प्रवाशांसमोर उघड झाला. हे वेळापत्रक कसे तयार होते आणि ते कोठे कोठे अडते, हे समजून घेतल्याशिवाय या पेचाचा उलगडा होणार नाही.

वर्षातून दोन हंगाम

विमान वाहतुकीचे जगभरातील वर्ष दोन हंगामांत विभागलेले आहे. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत उन्हाळी आणि त्यानंतर पुढील मार्चपर्यंत हिवाळी वेळापत्रक लागू असते. हंगामानुसार वेळापत्रक बदलण्याची गरज भारतीय हवाई वाहतुकीला तिच्या जन्मापासूनच भासली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला टपालाचे विमान आणले, तेव्हाही वेळ ठरविणे त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हते. लंडनचे टपाल इम्पिरियल एअरवेजच्या विमानाने कराचीला येत असे आणि टाटांच्या सेवेला त्याच्याशी सांगड घालावी लागे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने विमानांचा मुक्काम पुण्याला हलविण्याची वेळ येई. दुसऱ्या विमानाशी जोड, उतरण्याच्या जागेची मर्यादा आणि ऋतूचा परिणाम हे आजच्या नियोजनातील तिन्ही प्रश्न त्या एका छोट्या सेवेतही होते.

आज या कामाचा व्याप प्रचंड वाढला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, अर्थात डीजीसीएने, २०२५ च्या हिवाळी हंगामासाठी देशांतर्गत मार्गांवर १२६ विमानतळांवरून आठवड्याला २६,४९५ उड्डाणांना मंजुरी दिली होती. कंपन्यांची तयारी मात्र हंगामाच्या बरीच आधी सुरू होते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजेच आयाटा, वर्षातून दोनदा जगातील विमान कंपन्या आणि विमानतळ समन्वयक यांची परिषद भरवते. कोणत्या विमानतळावर कोणाला कोणत्या वेळी उतरता येईल आणि निघता येईल, याची देवघेव तेथे होते. ही ठरावीक वेळ म्हणजे ‘स्लॉट’.

स्लॉटचा जगन्मान्य नियम सोपा आहे. हंगामात मिळालेल्या स्लॉटपैकी किमान ८० टक्के वापरले, तर पुढील वर्षीच्या त्याच हंगामात त्यावर कंपनीचा पहिला हक्क राहतो. त्याहून कमी वापरल्यास हा हक्क जातो. या नियमामुळे मोक्याच्या विमानतळावरील चांगली वेळ ही मालमत्तेसारखी जपली जाते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील स्लॉटच्या एका जोडीसाठी ओमान एअरने २०१६ मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. नियमाची दुसरी बाजू अशी की, हातची वेळ गमावण्याच्या भीतीने कंपन्या आपल्या आवाक्याबाहेरची उड्डाणेही वेळापत्रकात ठेवतात. करोनाच्या काळात रिकामी विमाने उडविण्याची वेळ येऊ नये, म्हणून हा नियम जगभर शिथिल करावा लागला होता.

मुंबईची अडचण

स्लॉटची टंचाई म्हणजे काय, हे मुंबईइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. परंतु त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र वापर करता येत नाही आणि व्यवहारात हा विमानतळ एका धावपट्टीवर चालतो. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी येथे चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानांची ये-जा मंजूर होती. याचा अर्थ, दर ७८ सेकंदांना एक विमान उतरत वा उडत होते.

एवढ्या दाट रांगेत एखादे विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट उशीर झाला, तरी मागील विमानाला पुन्हा वर जाऊन घिरटी घालावी लागते. मुंबईच्या आकाशात विमाने ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालत असल्याचे आणि त्यात इंधन वाया जात असल्याचे निदर्शनास आल्यावर २०२४ च्या प्रारंभी गर्दीच्या तासांतील मर्यादा ४६ वरून ४४ वर आणि अन्य वेळची ४४ वरून ४२ वर आणण्यात आली. तासाला दोन विमाने कमी करणे हा वरवर पाहता तोट्याचा निर्णय होता. मात्र ती दोन विमाने काढल्यावरच उरलेल्यांना वेळ पाळण्याची संधी मिळणार होती.

धावपट्टीलाही विश्रांती लागते. मुंबईत पावसाळ्यानंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सहा तास बंद ठेवल्या जातात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत असे काम झाले. पृष्ठभागाचे नूतनीकरण करायचे असेल, तर हा काळ कित्येक महिन्यांचा होतो. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात मुख्य धावपट्टी आठवड्यातील सहा दिवस सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेपाच बंद होती आणि तेवढ्या तासांची उड्डाणे इतरत्र बसवावी लागली.

पुणे आणि गोव्याची अडचण वेगळी आहे. पुण्याची लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तर गोव्यातील दाभोळीची नौदलाची आहे. लढाऊ विमानांच्या सरावाला तेथे प्राधान्य असते आणि नागरी उड्डाणांना उरलेली वेळ मिळते. धावपट्टीच्या कामासाठी पुणे विमानतळ १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात पूर्ण बंद ठेवण्यात आला होता. गोव्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यावर हा ताण काहीसा हलका झाला.

मुंबईच्या टंचाईची झळ राज्यातील छोट्या शहरांना बसते. ‘उडान’ योजनेतून नांदेड, जळगाव, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांना विमानसेवा मिळू लागली. मात्र तेथील प्रवाशांना मुख्यतः मुंबईला जायचे असते आणि मुंबईत स्लॉट मिळविणे हेच कठीण ठरले. सत्तर-ऐंशी आसनांचे एटीआर विमान धावपट्टीचा जवळपास तेवढाच वेळ घेते, जेवढा दोनशे आसनांचे विमान घेते. मुंबईतील प्रत्येक स्लॉट मोलाचा असताना कंपनी तो मोठ्या विमानाला देणार, हे उघड आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, तेव्हा ही कोंडी फुटण्याची आशा निर्माण झाली. नियोजकांपुढे मात्र त्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला. एकाच महानगरात दोन तळ झाल्यावर विमाने, वैमानिक आणि जोडउड्डाणे यांची विभागणी करावी लागते. एका विमानतळावर उतरलेल्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्यावरून निघायचे असेल, तर मधला रस्ताही वेळापत्रकात धरावा लागतो.

कोणते विमान, कोणत्या मार्गावर?

स्लॉट मिळाल्यावर त्या वेळी कोणते विमान कोठे पाठवायचे, हा प्रश्न येतो. कामानिमित्त फिरणाऱ्यांना सकाळी लवकर जाऊन रात्री परतायचे असते. सहलीला निघालेल्यांना वेळेपेक्षा भाडे महत्त्वाचे असते. विमान गरजेपेक्षा मोठे असले तर आसने रिकामी राहतात आणि लहान असले तर प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जातात. सगळेच निर्णय बाजारावर सोपविलेले नाहीत. १९९४ पासून लागू असलेल्या मार्ग-वाटप धोरणानुसार गर्दीच्या मार्गांवर विमाने चालविणाऱ्या कंपन्यांना ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांतही ठरावीक प्रमाणात आसने पुरवावी लागतात.

परदेशी उड्डाणांच्या बाबतीत दोन देशांतील करार आडवे येतात. भारत आणि दुबई यांच्यातील करारात दोन्ही बाजूंच्या कंपन्यांसाठी आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा आखलेली होती. युरोपची विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर का निघतात, याचे उत्तरही दुसऱ्या टोकाला मिळते. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियमित उड्डाणांना बंदी आहे. शिवाय तेथून पुढे जाणाऱ्या प्रवाशांना सकाळची जोडविमाने गाठायची असतात. साहजिकच मुंबईकराला अपरात्री विमानतळ गाठावा लागतो.

या सर्व अटी सांभाळून विमाने आणि मार्ग यांची जुळणी करणे हाताने शक्य नाही. केवळ दहा विमाने दहा मार्गांवर वाटायची म्हटली, तरी ३६ लाख २८ हजार ८०० पर्याय तयार होतात. शेकडो विमाने आणि दिवसाला हजारो उड्डाणे असतील, तर पर्यायांची गणतीच करता येत नाही. यासाठी ‘रेषीय नियोजन’ ही गणितशाखा उपयोगी पडते. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये त्याची सिम्प्लेक्स पद्धत मांडली. १९८४ मध्ये आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना अवाढव्य समीकरणे सोडविण्याची नवी पद्धत शोधून काढली, तेव्हा तिच्या संभाव्य उपयोगांत विमान कंपन्यांच्या वेळापत्रकाचे उदाहरण आवर्जून दिले गेले. आज जगभरातील कंपन्या अशा गणिती पद्धतींवर आधारलेली संगणकप्रणाली वापरतात.

गणिताला मात्र जे उद्दिष्ट द्यावे तेच ते साधते. खर्च कमीत कमी ठेवा असे सांगितले, तर संगणक जमिनीवर उभ्या विमानाची प्रत्येक मिनिट वाया गेलेली समजतो आणि ती काढून टाकतो.

चाळीस मिनिटांचा हिशेब

विमान जमिनीवर असताना पैसा मिळत नाही, हे या व्यवसायाचे मूलभूत सूत्र. भाडेपट्टीचा हप्ता विमान उडो वा न उडो भरावा लागतो. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीवर १९७२ मध्ये चारपैकी एक विमान विकण्याची वेळ आली, तेव्हा तिने चार विमानांचे वेळापत्रक उरलेल्या तीन विमानांवर चालविले. त्यासाठी उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा थांबा दहा मिनिटांवर आणण्यात आला. स्वस्त विमानसेवेचा पाया त्या प्रयोगाने घातला. आज एअरबस ए-३२० जातीच्या विमानासाठी हा थांबा साधारण अर्ध्या तासाचा ठेवला जातो. तेवढ्यात १८० प्रवासी उतरतात, सफाई होते, इंधन भरले जाते, सामान चढते आणि नवे १८० प्रवासी आसनस्थ होतात.

विलंब कसा पसरतो, हे एका साध्या उदाहरणावरून समजेल. समजा, एक विमान सकाळी ६ वाजता मुंबईहून निघून दिवसात सहा उड्डाणे करते. प्रत्येक उड्डाण पावणेदोन तासांचे आणि प्रत्येक थांबा ३० मिनिटांचा आहे. सायंकाळी ७ वाजता त्याचे काम संपते. पहिल्याच फेरीत धुक्यामुळे ४० मिनिटे उशीर झाला आणि घाई करून थांबा २५ मिनिटांत उरकता आला, तर प्रत्येक थांब्यात पाच मिनिटे भरून निघतात. तरीही सहावे उड्डाण १५ मिनिटे उशिराच निघेल. सकाळचे धुके ज्यांनी पाहिलेही नाही, अशा सायंकाळच्या प्रवाशांना त्याचा भुर्दंड पडतो.

थांबा ३० ऐवजी ४० मिनिटांचा ठेवला असता, तर प्रत्येक वेळी १५ मिनिटे भरून निघाली असती आणि तिसऱ्या थांब्यानंतर विमान वेळेवर आले असते. या सोयीची किंमत मात्र एका विमानामागे दिवसाला ५० मिनिटे आहे. तीनशे विमानांच्या ताफ्यात ती २५० तासांवर जाते. एवढ्या वेळात पावणेदोन तासांची १४० हून अधिक उड्डाणे होऊ शकतात. मोकळ्या मिनिटांवर कात्री चालविण्याचा मोह कंपन्यांना का होतो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

काही मोकळा वेळ कंपन्या प्रवासाच्या वेळेतही ठेवतात. मुंबई-दिल्ली अंतर हवेत साधारण पावणेदोन तासांत कापले जाते. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेली आढळते. जागेवरून निघून धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरण्यापूर्वीची घिरटी हे सारे त्यात धरलेले असते. विमान ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आले, तर ते वेळेवर आल्याचे मानण्याची पद्धत आहे.

दिल्लीतील धुके, मुंबईतील पाऊस यांचा अंदाज तरी बांधता येतो. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा दिल्लीच्या धुक्याचा काळ मानून त्या दिवसांत कमी दृश्यमानतेत उतरण्याचे प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच तेथे पाठविण्याची दक्षता घ्यावी लागते. काही संकटे मात्र अनपेक्षितपणे येतात. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांसाठी बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेची उड्डाणे लांबली आणि इंडिगोला अल्माटी व ताश्कंदची सेवा स्थगित करावी लागली, कारण नव्या वळशाच्या मार्गाने तेथवर पोहोचणे तिच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेले. प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांतील दोषांमुळे अनेक विमाने जमिनीवर खिळून राहिली. ३ मे २०२३ रोजी उड्डाणे थांबविताना गो फर्स्टने हेच कारण पुढे केले होते.

वैमानिकांचे तास

विमान चोवीस तास उडू शकते, माणूस नाही. म्हणून वैमानिकांच्या कामाच्या वेळा कायद्याने बांधलेल्या आहेत. वर्षाला एक हजार तासांपेक्षा अधिक उड्डाण त्यांना करता येत नाही. दिवसाची आणि आठवड्याची मर्यादा वेगळी असते. याशिवाय प्रत्येक वैमानिकाला विशिष्ट जातीच्या विमानाचाच परवाना असतो. एअरबस चालविणारा वैमानिक ऐनवेळी एटीआरवर बसविता येत नाही. त्याचे मुख्यालय ठरलेले असते आणि ठरावीक दिवसांनी त्याला तेथे परत आणावे लागते. प्रसंगी त्याला प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी नेऊन तेथून विमान चालवायला द्यावे लागते. आजारपण, विलंब यांसाठी काही वैमानिक राखीव ठेवलेले असतात.

थकलेल्या वैमानिकाकडून चूक होण्याचा धोका सर्वाधिक असतो तो मध्यरात्र ते पहाट या वेळेत. त्याची दखल घेऊन महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तासांवर नेण्यात आली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढविण्यात आली. रात्रीच्या कामात विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणण्यात आली आणि सलग दोन रात्रींहून अधिक काम देण्यास मनाई करण्यात आली. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितल्यावर ते लांबणीवर पडले. अखेर प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते अमलात आले.

या बदलाचा वेळापत्रकावर होणारा परिणाम गणिताने आधीच काढता येण्यासारखा होता. रात्री उशिरा चार फेऱ्या करणाऱ्या विमानाला पूर्वी वैमानिकांची एक जोडी पुरत असेल, तर आता दोन जोड्या लागणार होत्या. विश्रांतीचे तास वाढल्याने दिवसाकाठी उपलब्ध असणाऱ्या वैमानिकांची संख्याही कमी होणार होती. नवा वैमानिक मात्र एका रात्रीत तयार होत नाही. नेमणुकीनंतरही विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणात आणि देखरेखीखालील उड्डाणांत कित्येक महिने जातात. कंपनीपुढे दोनच मार्ग होते. वेळेत भरती करणे, अन्यथा उड्डाणे कमी करणे.

डिसेंबरमधील कोसळणे

इंडिगोच्या हिवाळी वेळापत्रकात आठवड्याला १५,०१४ उड्डाणे मंजूर झाली होती. उन्हाळी हंगामाच्या तुलनेत ही वाढ सहा टक्क्यांची होती. एकीकडे उड्डाणे वाढत होती आणि दुसरीकडे त्याच आठवड्यांत प्रत्येक वैमानिकाचे उपलब्ध तास घटत होते. महासंचालनालयाच्या आदेशातील आकडेवारीनुसार नोव्हेंबरसाठी ६४,३४६ उड्डाणे मंजूर असताना प्रत्यक्षात ५९,४३८ झाली. संकटाची चाहूल त्या महिन्यातच लागली होती.

डिसेंबरच्या प्रारंभी तांत्रिक बिघाड, हंगामबदल, खराब हवामान आणि विमानतळांवरील गर्दी अशी नेहमीची कारणे एकत्र आली. एरवी असा विलंब राखीव वैमानिकांच्या जोरावर भरून काढला जातो. या वेळी राखीव बळच अपुरे होते. उशीर झालेल्या वैमानिकांचे तास वाटेतच संपू लागले. त्यांच्या जागी दुसरे उपलब्ध होईनात आणि त्यांनी जी पुढील विमाने न्यायची होती तीही अडकली. ५ डिसेंबर रोजी एकाच दिवसात एक हजारांहून अधिक उड्डाणे रद्द करण्यात आली. विस्कटलेली घडी पुन्हा बसविण्यासाठी विमाने व माणसे योग्य ठिकाणी आणणे, हा त्यामागील हेतू असल्याचे कंपनीने सांगितले.

प्रवाशांची सोय अन्यत्र करणेही अशक्य झाले, याचे कारण साध्या गुणाकारात आहे. १८० आसनांची विमाने नव्वद टक्के भरून जात असतील, तर प्रत्येकात जेमतेम १८ जागा रिकाम्या असतात. तेवढ्याच भरलेल्या एका रद्द विमानातील प्रवाशांना सामावून घ्यायला नऊ विमाने लागतात. देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या कंपनीची शेकडो विमाने जेव्हा एकदम थांबतात, तेव्हा त्या प्रवाशांना सामावून घेण्याइतक्या जागा देशात अस्तित्वातच नसतात.

सरकारने इंडिगोला रात्रीच्या कामासंबंधीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली आणि तिच्या वेळापत्रकात १० टक्के कपात केली. सुरक्षिततेसाठी केलेला नियम गर्दीमुळे शिथिल करावा लागल्याबद्दल वैमानिकांच्या संघटनेने नापसंती व्यक्त केली. १७ जानेवारी २०२६ रोजी महासंचालनालयाने कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला. साधनसामग्रीचा कमाल वापर करण्याच्या धोरणाचा अतिरेक, नव्या नियमांसाठी अपुरी तयारी, संगणकप्रणालीतील उणिवा आणि व्यवस्थापनातील त्रुटी ही कारणे चौकशीत पुढे आली. मात्र वाढीव वेळापत्रकाला मंजुरी देताना पुरेसे वैमानिक आहेत की नाहीत याची पडताळणी व्हायला हवी होती, हा प्रश्न नियामकालाही चुकविता येणारा नाही.

असा प्रसंग ओढवणारी इंडिगो ही पहिली कंपनी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत हिमवादळानंतर अन्य कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्टला मात्र आपले कोणते वैमानिक नेमके कोठे आहेत, याचाच मेळ घालता येईना. तिची सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली, वीस लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले आणि वर्षभराने अमेरिकी परिवहन विभागाने तिला १४ कोटी डॉलरचा दंड केला. दहा मिनिटांच्या थांब्याचा आदर्श जगाला देणाऱ्या कंपनीवर ही पाळी यावी, हे पुरेसे बोलके आहे.

सावधगिरीची किंमत

मोकळा वेळ आणि राखीव माणसे ठेवायची, तर त्याचा खर्च अखेरीस भाड्यात उतरतो. ज्या दिवशी सारे सुरळीत चालते, त्या दिवशी हा खर्च अनाठायी वाटतो. स्वस्त भाड्याच्या स्पर्धेत एका कंपनीने तो उचलला आणि दुसरीने टाळला, तर पहिलीचेच नुकसान होते. म्हणूनच हा निर्णय केवळ कंपन्यांच्या मर्जीवर सोडता येत नाही. मुंबईत तासाला दोन विमाने कमी करण्याचा निर्णय सर्वांना सारखाच लागू झाला, हे त्याचे मुख्य बळ होते. मंजुरीच्या वेळी विमाने आणि वैमानिक या दोहोंचा हिशेब तपासणे आणि ८० टक्क्यांच्या अटीपायी न झेपणारी उड्डाणे मागितली जात नाहीत ना हे पाहणे, ही पावले त्याच दिशेची ठरतील.

प्रवाशालाही या हिशेबातून काही घेता येण्यासारखे आहे. दिवसातील पहिल्या उड्डाणाला आधीच्या फेऱ्यांचा विलंब चिकटलेला नसतो, कारण ते विमान बहुधा रात्रभर तेथेच मुक्कामी असते. सायंकाळच्या शेवटच्या उड्डाणाला मात्र दिवसभराचा विलंब सोसावा लागतो आणि ते रद्द झाल्यास पर्याय दुसऱ्या दिवशीचाच असतो. परीक्षा, शस्त्रक्रिया, लग्नकार्य वा परदेशी जाणारे जोडउड्डाण गाठायचे असेल, तर सकाळचे विमान निवडणे आणि दोन उड्डाणांत भरपूर अंतर ठेवणे हाच सुज्ञपणा होय. कंपनीने वेळापत्रकात न ठेवलेली मोकळी मिनिटे अशा वेळी प्रवाशाला स्वतःच्या पदरची घालावी लागतात.